गडाच्या दरवाजावरचा शरभ वहीत उतरवताना: पुराणातल्या प्राण्यापासून कार्टून पात्र घडवायची सविस्तर रीत

रायगडाच्या दरवाजावर, शिवनेरीच्या वाटेवरच्या दरवाजांवर, जंजिऱ्याच्या प्रवेशद्वारापाशी एक प्राणी दगडात कोरलेला आहे. अंग सिंहाचं, डोळे बटबटीत, जबडा उघडा, शेपटी पाठीवरून कमानीसारखी वर घेतलेली. कुठे त्याला पंख असतात, कुठे गळ्यात घुंगुरमाळ. जंजिऱ्याला तर त्याने पंजांत आणि शेपटीत चक्क हत्ती धरले आहेत. हा शरभ. दरवाजात दम खायला थांबलेली माणसं त्याला वाघ समजून पुढे निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. गेली काही वर्षं मी वही घेऊन त्याच्यासमोर बसते आहे. त्यातूनच शरभू नावाचं माझं कार्टून पात्र तयार झालं. ते कसं घडलं ते इथे टप्प्याटप्प्याने लिहिते, म्हणजे तुम्हाला तुमच्या गावच्या वेशीवरचा, देवळाच्या उंबऱ्यावरचा एखादा प्राणी असाच कागदावर आणता येईल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. काल्पनिक प्राणी खरा वाटतो तो त्याच्या सांध्यांमुळे. सिंहाचं अंग पंखाला कुठे जुळतं, मान खांद्यात कशी शिरते, शेपटी कण्यातून कशी निघते, या जागा नीट बांधल्या तर बघणारा बाकीचं सगळं मान्य करतो. त्या जागा सोडून नुसते खवले, शिंगं, ज्वाळा काढत बसलं तर वेगवेगळ्या बाहुल्यांचे तुकडे एकत्र शिवल्यासारखं दिसतं.

सामान

ए-5 आकाराची (14.8 × 21 सेमी) जाड पुठ्ठ्याची वही, 2बी आणि 4बी पेन्सिल, एक ब्रश पेन, टोपी, पाणी. खोडरबर मी गडावर नेत नाही. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ काढावी. घरी आल्यावर त्या दोन रेघा शेजारी दिसल्या की आपला डोळा कुठे फसला ते कळतं.

दगडासमोर

कोरीव काम समोरून पडणाऱ्या उन्हात सपाट दिसतं. ऊन भिंतीला घासून, तिरपं पडलं की उठाव जिवंत होतो. म्हणून दरवाजाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी बघून ठेवा आणि त्याप्रमाणे वेळ निवडा. कमानीच्या आत कायम सावली असेल तर मोबाइलचा टॉर्च शिल्पाच्या एका बाजूला, भिंतीच्या जवळ धरायला सोबत्याला सांगा. समोरून टॉर्च मारला तर काहीच हाती लागत नाही.

शिल्पाला हात लावायचा नाही, खडू फासायचा नाही, ‘नीट दिसावं’ म्हणून पाणी ओतायचं नाही. लोक हे सर्रास करतात. शेकडो वर्षं ऊनपावसात टिकलेला दगड आपल्या एका चित्रासाठी झिजवायचा हक्क कुणालाच नाही. बरेच गड संरक्षित स्मारकं आहेत. वही-पेन्सिलीला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण कॅमेऱ्याचा स्टँड लावायचा असेल तर आधी परवानगीची चौकशी करा.

पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. मग तीन रेखाटनं करा.

पहिलं 30 सेकंदांचं. कपाळापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच रेघ: मान, पाठ, कंबर आणि शेपटीची कमान. डोळा, दात काही नको. या रेघेत प्राण्याचा सगळा आवेश असतो. पानभर अशा दहा रेघा काढा, पेन्सिल न उचलता.

दुसरं 2 मिनिटांचं. डोकं, छाती, कंबर हे तीन गोळे, आणि त्यांना जोडणारं अंग. कुठला गोळा मोठा आहे ते इथेच ठरतं. गडांवरच्या शरभांची छाती बहुतेकदा फुगलेली आणि कंबर बारीक असते. पाथरवटाने ताकद छातीत भरली आहे.

तिसरं 10 मिनिटांचं, पण एकाच तपशिलाचं. मी एकदा पूर्ण वेळ फक्त पुढच्या पंजाला दिला. त्या पंजाखाली हत्ती होता, आणि हत्ती इतका लहान की पंजात मावला होता. सोंड वर उचललेली, पाय आखडलेले, पोटाचा गोल पंजाच्या बोटांमध्ये दाबलेला. कोरणाऱ्याला हत्ती केवढा असतो हे ठाऊक नव्हतं असं म्हणणं हा त्याचा अपमान होईल. त्याने सोंडेच्या वळ्यासुद्धा सोडलेल्या नाहीत. त्याने आकार मोजला नाही, महत्त्व मोजलं. आपण कार्टूनमध्ये नेमकं हेच करतो. घाबरलेल्या माणसाचे डोळे ताटाएवढे काढतो, ते याच न्यायाने.

रेखाटनाशेजारी शब्दांत टिपणं लिहा: ‘आयाळीचे गोल वळसे, ओळीत’, ‘मागच्या पायाचा सांधा झिजलेला’, ‘शेपटीचं टोक गोंड्यासारखं’. फोटोही घ्या, पण मोबाइल शिल्पाच्या उंचीला आणि सरळ धरून. खालून वर काढलेल्या फोटोत पाय मोठे आणि डोकं लहान होतं, आणि घरी आपण ती चूक इमानाने उतरवून घेतो.

पुराणांत शरभाला आठ पाय सांगितले आहेत. नृसिंहाचा क्रोध शांत करायला शिवाने शरभरूप घेतलं, अशी कथा लिंगपुराणात आहे. गडांवरच्या शरभांना मात्र सहसा चारच पाय दिसतात. भिंतीतल्या चौकोनी दगडात आठ पाय कोरले असते तर नुसती गर्दी झाली असती. पाथरवटाने चार ठेवले आणि आवेश वाचवला, असं मला वाटतं. ग्रंथातलं वर्णन चित्रात आणताना काय सोडायचं, याचा धडा त्याच्यापाशीच आहे.

जिवंत प्राणी बघा

हा टप्पा गाळायचा मोह होतो. गाळू नका. दगडातून आवेश मिळतो, सांधे मात्र जिवंत प्राण्यातच बघायला मिळतात.

सिंहासाठी लांब जायची गरज नाही, घरातलं किंवा गल्लीतलं मांजर पुरतं. तिच्या मागच्या पायाकडे बघा. उलटा वाकलेला गुडघा वाटतो ती तिची टाच. खरा गुडघा पुढे, पोटाजवळ, केसांत लपलेला असतो. मांजर बोटांवर चालते, टाच कायम हवेत. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही मार्जारकुळातल्या प्राण्याचा मागचा पाय चुकत नाही. आता पुढे या. मांजर दबकत चालताना खांद्याचे फरे, म्हणजे ती चपटी हाडं, आळीपाळीने पाठीच्या वर येतात. तिचं गळ्याचं हाड अगदी बारीक आणि सुटं असतं, खांदा स्नायूंनीच तोलून धरलेला असतो. म्हणून तो इतका सरकतो, आणि म्हणूनच ती फटीतून अंग काढू शकते.

पंखासाठी खिडकीतलं कबूतर. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच: दंड, कोपर, मनगट, आणि पुढे बोटांच्या जागी लांब पिसं. मिटलेला पंख इंग्रजी झेडसारखा घडी होतो. म्हणजे पंखवाला चारपायी प्राणी काढताना आपण त्याला हातांची दुसरी जोडी देत असतो. ती उगवणार कुठे? पुढच्या पायाच्या फऱ्यावरच पंख बसवला तर पाय उचलताना पंख हलायला हवा, आणि तो तर हलत नाही. मी पंखाचं मूळ फऱ्याच्या मागे, बरगड्यांच्या वरच्या अंगाला घेते आणि तिथे स्नायूंचा एक छोटा उंचवटा देते. छातीही थोडी खोल करते, कारण पंख ओढणारे स्नायू छातीला बांधलेले असतात. हा उंचवटा रंगवल्यावर फारसा दिसत नाही. पण तो नसेल तर पंख पाठीवर चिकटवल्यासारखा दिसतो.

आता हत्ती. सोंड तोंडातून निघत नाही, डोळ्यांच्या मधून, कपाळाखालून उतरते. आपल्याकडच्या हत्तीच्या पुढच्या पायाला साधारण 5 आणि मागच्या पायाला 4 नखं असतात. टाचेखाली चरबीची जाड गादी असते, म्हणून पाय खांबासारखा सरळ दिसतो. शरभाच्या पंजातला हत्ती अंगठ्याएवढा काढला तरी या तीन गोष्टी सांभाळल्या की तो हत्तीच वाटतो.

काळी सावली

आता टेबलावर. कागदावर 3 × 3 सेमीचे 20 चौकोन आखा. प्रत्येकात पात्राची एक वेगळी काळी आकृती भरा, मार्करने, आत एकही तपशील नको. नंतर कागद भिंतीला लावून सात-आठ पावलं मागे जा. ओळखू येतो का?

माझे पहिले बाराएक शरभ कुत्र्यासारखे दिसत होते. कारण शोधायला मी शिल्पाच्या त्या एका रेघेकडे परत गेले. कागदावर मी शेपटी मागे सोडली होती, दगडात ती पाठीवरून पुढे येत होती. कमान परत आणली आणि तेराव्या चौकोनात शरभ उभा राहिला. त्या दिवसापासून शेपटीची कमान हीच शरभूची ओळख. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन पाठमोरा काढला तरी चौकड्यांच्या कोटावरून कळतो. तुमच्या पात्रालाही असं एक काहीतरी हवं. एकच. दोन झाली की एकमेकांना खातात.

इथे एक सराव मला फार आवडतो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, तुम्ही पाहिली असेल: 120 गोल पानं, 10 अवतारांचे 10 संच, प्रत्येकी 12 पानं. एवढ्याशा वाटोळ्या जागेत मत्स्य, कूर्म, वराह बसवताना कारागीर अंग वळवतो, रिकामी जागा तोलतो, कडेचा गोल धरून ठेवतो. तुम्हीही 7 सेमीचं वर्तुळ आखून त्यात तुमचा प्राणी बसवा. हात, पाय, शेपटी वर्तुळाला कुठे टेकतात ते बघा. पुढे स्टिकर, बिल्ला, प्रोफाइलचं चित्र करायचं झालं की हाच सराव उपयोगी पडतो.

बांधणी, रेघेपासून रेघेपर्यंत

ए-4 कागद आणि फिकट निळी पेन्सिल घ्या. माझ्या शरभूची मापं देते, तुम्ही तुमची ठरवा. पण एकदा ठरवली की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आधी कण्याची रेघ. कपाळापासून निघून मानेवर किंचित वर, पाठीत थोडी खाली, कमरेवर पुन्हा वर, आणि तिथून न तोडता शेपटीची कमान. शेपटीचं टोक मानेच्या वर येऊन थांबतं. शेपटी ही कण्याचीच पुढची मणक्यांची माळ असल्यामुळे ती कमरेतून वेगळी फुटल्यासारखी दिसता कामा नये.

या रेघेवर तीन गोळे. डोकं 1 माप धरलं तर छाती सव्वा, कंबर पाऊण. अंगाची लांबी अडीच डोकी. खऱ्या सिंहाचं डोकं अंगाच्या मानाने बरंच लहान असतं. ते मोठं केलं की पात्र लहान मुलाच्या वयाचं वाटायला लागतं. पात्र धीरगंभीर हवं असेल तर अंग चार डोक्यांपर्यंत लांबवा.

डोक्याच्या गोळ्यावर आडवी रेघ मध्याच्या थोडी खाली घ्या आणि डोळे तिच्यावर बसवा. डोळे खाली आले की कपाळ मोठं होतं आणि चेहरा बाळसेदार दिसतो. बुबुळं मी दगडातल्यासारखीच पूर्ण गोल ठेवली, पापणीने न कापलेली. त्यात शरभाचा सतत जागा असलेला भाव आहे. नाक-तोंडाचा भाग एका छोट्या डब्यासारखा पुढे काढा. जबडा उघडा. दात फक्त चार सुळे. सगळे दात मोजून काढले तर लहान आकारात ते जाळीसारखे दिसतात.

मग पाय. पुढचे दोन छातीच्या गोळ्यातून, सरळ, जाड. मागच्या पायात ती टाच जमिनीपासून वर दाखवा. कार्टून म्हणून पाय आखूड केला तरी टाचेचा कोन ठेवा. पंजाला मी तीन बोटं देते, चार नाही. लहान चित्रात चार बोटांची गर्दी होते.

पंख मिटलेला काढायला सोपा, उघडलेला अवघड. म्हणून आधी उघडलेला सोडवा. मूळ, कोपर, मनगट असे तीन ठिपके द्या, ते जोडा, मग मनगटापासून लांब पिसं आणि कोपरापासून आखूड पिसं. तेच तीन ठिपके जवळ आणून घडी घातली की मिटलेला पंख आपोआप बरोबर येतो.

आयाळ शेवटी. दगडात वळशांच्या ओळी असतात. मी प्रत्येक बाजूला 5 वळसे ठेवले आणि घुंगुरमाळेत 7 घुंगरं. हे आकडे महत्त्वाचे आहेत. पुढच्या चित्रात 6 वळसे झाले तर मोठ्यांच्या लक्षात येत नाही, पण लहान मुलं मोजतात आणि विचारतात.

आता कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा. मागून बघितल्यावर डोळे वरखाली असतील, अंग एका बाजूला कललं असेल, तर लगेच दिसेल. याच काचेवर चांगला कागद ठेवून स्वच्छ रेघ उतरवता येते, लाइट बॉक्स विकत घ्यायची गरज नाही.

स्वभाव आणि पात्रपत्रक

चित्र झालं म्हणजे पात्र झालं असं नाही. शरभूचा स्वभाव एका साध्या अडचणीतून सापडला. चारही पंजांत हत्ती धरलेला प्राणी चालणार कसा? दगडात चालायचं नव्हतं म्हणून तिथे जमलं. मला तर त्याला गडभर फिरवायचा होता. मग दोन हत्ती पाठीवर चढवले, एक शेपटीला लटकवला. पाठीवर चढवल्याबरोबर ते शिकार राहिले नाहीत, सोबती झाले. आता शरभू त्यांना सोडायला तयार आहे, पण हत्तीच उतरायला तयार नाहीत. पाऊस आला की तो त्यांना पोटाखाली घेतो. दरवाजाची राखण सोडून कुठे जायचं म्हटलं की त्याचा जीव खालीवर होतो. ही दोन-तीन वाक्यं मी पात्रपत्रकाच्या वरच लिहून ठेवली आहेत. काय काढायचं असा प्रश्न पडला की आधी ती वाचते.

पात्रपत्रकात चार बाजू हव्यात: समोरून, तिरका, कडेने आणि मागून. चारही एकाच ओळीत, डोक्याच्या, डोळ्यांच्या, छातीच्या, पंजाच्या उंचीला आडव्या रेघा मारून. मागची बाजू काढायला सगळे कंटाळतात, आणि पंखांच्या मुळाची चूक नेमकी तिथेच सापडते.

त्याखाली भाव. शरभूचा जबडा जवळजवळ कायम उघडा, म्हणून राग आणि हसू तोंडावरून वेगळं करता येईना. तेव्हा भुवया, कान आणि शेपटीला काम दिलं. खूश असला की कमान उंच, विचारात असला की टोक खाली लोंबतं, घाबरला की शेपटी हत्तीसकट पोटाशी. किमान आठ भाव काढा. शेवटी शरभू आणि हत्ती शेजारी उभे करून उंचीचा हिशेब ठेवा, नाहीतर तिसऱ्या चित्रात हत्ती बोकडाएवढा होतो.

शाई आणि रंग

शाईसाठी 200 ग्रॅमच्या वरचा गुळगुळीत कागद. आतल्या बारकाव्यांना 0.1 मिमी जाडीचं पेन, बाहेरच्या रेघेला 0.5, आणि पंजा जमिनीला टेकतो तिथे 0.8 किंवा ब्रश पेन. खालची रेघ जाड झाली की प्राण्याला वजन येतं. मी जमिनीवरच्या सावलीसाठी बोरू वापरते. त्याचा तिरका काप एका ओढीत जाड-बारीक रेघ देतो, आणि ज्यांनी शाळेत बोरूने अक्षरं घोटली आहेत त्यांच्या हाताला ती सवय असतेच. शाई वाळायला दहा मिनिटं द्या, मगच पेन्सिल खोडा.

रेघ 600 डीपीआयला (एका इंचात 600 ठिपके) स्कॅन करा. रंगकाम आणि छपाईच्या मापाला 300 डीपीआय पुरे. ए-4 म्हणजे 2480 × 3508 पिक्सेल. रंगासाठी क्रिटा हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि उत्तम आहे. रेघेचा थर सगळ्यात वर ‘मल्टिप्लाय’ करून ठेवा, त्याखाली सावलीचा थर, त्याखाली सपाट रंग.

रंग चारच घेतले: बेसॉल्टचा निळसर करडा, पावसाळ्यातल्या शेवाळाचा हिरवा, शेंदरी आणि हळदी. आपल्या गडांचा दगड काळा म्हणतात, पण सकाळी तो निळा आणि ओला झाला की जांभळट दिसतो. रंग निवडायच्या आधी हे प्रत्यक्ष बघा. छापायचं असेल तर एक इशारा: पडद्यावरचा झगझगीत शेंदरी छपाईच्या चार शाईंत मंद होतो. प्रेसवाल्याकडून आधी एक नमुना प्रत मागून घ्या.

लोकांसमोर ठेवताना

नुसतं शेवटचं रंगीत चित्र टाकू नका. कच्ची रेखाटनं दाखवा. गडावरचं पान, काळ्या सावल्यांचा कागद, फसलेले बारा शरभ, मग पूर्ण चित्र, असा क्रम लावा. मोबाइलवर उभं 1080 × 1350 पिक्सेल नीट बसतं. वहीच्या पानाचा फोटो सावलीत, पण खिडकीजवळ घ्या, आणि पानाची कड दिसू द्या. कागद आहे हे कळलं की लोक थांबून बघतात.

चित्राखाली गडाचं नाव लिहा, आणि त्यातलं दगडावरचं काय आणि तुमच्या मनातलं काय ते स्पष्ट लिहा. यावर मी अडून बसते. एका गडावरच्या बिनपंखी शरभाला मी पंख दिले होते आणि तसं लिहायचं राहून गेलं. पुढे एका शाळकरी मुलाच्या प्रकल्पात ‘या गडावर पंख असलेला शरभ आहे’ हे वाक्य माझ्या चित्रासह आलं. चूक माझी होती. आता प्रत्येक चित्राखाली एक ओळ ठरलेली: ‘दगडावर इतकं, बाकी माझं.’

श्रद्धेचं भानही ठेवा. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ त्रिभुवनमच्या देवळात शरभाची पूजा होते. म्हणून मी दरवाजावरचा राखणदार रंगवते, देव्हाऱ्यातलं रूप नाही. त्याच न्यायाने पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी किंवा वारली चित्रं बघून शिका, त्यांच्याकडून विकत घ्या, पण ती शैली जशीच्या तशी उचलून स्वतःच्या नावावर लावू नका.

आता हक्कांचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही काढलेलं मूळ चित्र काढल्याक्षणी तुमचं होतं, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. शरभ मात्र कुणाच्या मालकीचा नाही. तो कुणीही काढावा. तुमचा असतो तो तुमचा विशिष्ट शरभ. हक्क विकत द्यायचे असतील तर करार लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून समोरच्याने ‘सगळे हक्क कायमचे’ असं वाक्य घातलं असेल तर सही करण्याआधी ते दोनदा वाचा.

एका टी-शर्ट विकणाऱ्याने माझा शरभू न विचारता छापला होता. कोपऱ्यातली सही त्याने कापून टाकली होती. माझ्याकडे तारखेसह स्कॅन आणि गडावरची पानं होती, ती जोडून ई-मेल पाठवली आणि त्याने विक्री थांबवली. पैसे काही मिळाले नाहीत. तेव्हापासून सही कोपऱ्यात करत नाही. ती शेपटीच्या गोंड्यात किंवा आयाळीच्या वळशात विणते, म्हणजे ती कापायला गेलं तर प्राणीच कापला जातो. मोठ्या मापाची मूळ फाइल कुठेही चढवायची नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

चित्राचं काम कुणी मागितलं तर निम्मे पैसे आधी घ्या, किती वेळा बदल करून देणार ते लिहा (मी दोन वेळा देते), आणि चित्र कुठे वापरणार ते विचारा. दिवाळी अंकातलं एक पान आणि बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र यांचं मोल एक नसतं.

पुढचा प्राणी

सध्या वहीत गंडभेरुंड आहे, दोन डोक्यांचा पक्षी. कर्नाटकाच्या राजमुद्रेवर तो आहे, आपल्याकडच्या काही शरभांच्या पंजातही दिसतो. त्याचा सांधा शरभापेक्षा अवघड. दोन माना एकाच छातीतून फुटतात, आणि दोन्ही चोची एकाच वेळी विरुद्ध दिशेला वळल्या की मधे एक खाच पडते. तिथे त्वचा ताणलेली दाखवायची की पिसांनी झाकायची, हे अजून ठरत नाही. गेले आठ दिवस सकाळी गच्चीच्या कठड्यावर दोन कावळे खेटून बसतात, एक पूर्वेला बघतो, एक पश्चिमेला. चहा तिथेच नेते. 30 सेकंदांच्या रेघांची चार पानं झाली आहेत.